आठ पानं, एक पेनी

१८४०च्या दशकातल्या लंडनमध्ये डिकन्सच्या कादंबरीचा मासिक हप्ता एक शिलिंगला, म्हणजे बारा पेनींना मिळे. मजुराला तो परवडत नसे. आठवड्याला एक पेनी मात्र कशीबशी निघे. त्या पेनीवर प्रकाशक एडवर्ड लॉइडनं सॅलिसबरी स्क्वेअरमध्ये आपला धंदा उभा केला.

पेनीला आठ पानं मिळत. दोन रकाने, डोळे फोडणारा बारीक टाइप आणि पहिल्या पानावर लाकडी ठशाचं चित्र. पानं संपली की मजकूर थांबे, मग वाक्य अर्धवट तुटलं तरी चाले. खप चित्रावर ठरे. डोळे मोठे काढा, रक्त आणखी दाखवा, अशा सूचना चित्रकारांना येत, असं लॉइडसाठी चित्रं काढणाऱ्या जॉर्ज ऑगस्टस सालानं सांगितलं आहे. जेम्स माल्कम रायमरची रक्तपिपासू पिशाचाची कादंबरी 'व्हार्नी' १८४५ ते १८४७ अशी चालली आणि दोनशेंवर प्रकरणांपर्यंत गेली. गिऱ्हाइकाला खुर्चीसकट तळघरात लोटणारा न्हावी स्वीनी टॉड १८४६मध्ये लॉइडच्याच साप्ताहिकात अवतरला.

हे सारं वाचणारे कोण? अनेकांना वाचताच येत नव्हतं. पत्रकार हेन्री मेह्यूनं भाजी-फळं विकणाऱ्या फेरीवाल्यांबद्दल लिहिलंय: अक्षरओळख असलेला कुणी मोठ्यानं वाची, बाकीचे भोवती जमत. चित्र दिसलं की हा कोण, याला का बांधलंय, असा प्रश्नांचा भडिमार होई. उत्तर मिळेपर्यंत वाचणाऱ्याची सुटका नसे. या साहित्याला कचरा म्हणणाऱ्यांनी हे श्रोते कधी पाहिलेच नाहीत, असं मला वाटतं. इतका जिवाचा कान करून ऐकणारा वाचक कोणत्याही लेखकाला हवासा वाटेल.

या श्रोत्यांचा लाडका लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. कामगारांसाठी मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतला हा माणूस. १८४४पासून त्याच्या 'मिस्टरीज ऑफ लंडन'चे अंक आठवड्याला निघू लागले. त्यात खून, चोर आणि तळघरं होतीच. पण उमरावांची चैन आणि गरिबांची उपासमार तो शेजारी शेजारी मांडी, आणि राग कुणाचा यावा हे स्पष्ट सांगे.

हिंदुस्थानातही रेनॉल्ड्स तुफान वाचला गेला. मराठी कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच कादंबरीच्या आधारानं लिहिलेली आहे. पुढे १८९०मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्ष्यात कोण घेतो' त्यात हप्त्याहप्त्यानं दिली. तिच्यात तळघरं नव्हती, नायिका यमूचं सासर होतं.