शैक्षणिक कर्ज थकले तर पगारातून किती कापतात?

उधारीवर एक गठडी द्यायची तर आम्ही व्यापारी दहा ठिकाणी चौकशी करतो. पण नात्यातल्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला जामीन राहताना कागद न वाचताच सही करतो. तालीम चालू राहावी ही इच्छा चांगलीच आहे, पण हिशेबही समजून घ्यायला हवा.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी मुलाकडून वसूल करा' असे बँकेला सांगून सुटका होत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते. तेव्हा नोकरी मिळाली नसेल तर त्याआधीच मुदतवाढीचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी.

अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्ज थकल्यास कोर्टात न जाताही पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कपात करण्याची कायद्यात तरतूद आहे. आपल्याकडे कर्जदाराने तसे आधी लिहून दिलेले नसेल तर बँकेला प्रथम दावा करावा लागतो. २० लाखांखालची रक्कम असेल तर दिवाणी कोर्टात, त्यावर असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणात. पगारावर जप्ती येते ती निकालानंतर.

तीही साऱ्या पगारावर नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. समजा, पगार २५,००० रुपये आहे. हजार वजा जाता २४,००० उरले. त्यातले १६,००० सुरक्षित, म्हणजे जप्ती फार तर ८,००० ची. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. मजुराची मजुरी तर जप्त होतच नाही, मग तो कुशल असो वा अकुशल. म्हणजे आमच्या मुनिमाच्या पगारावर जप्ती येऊ शकते, माग चालवणाऱ्या कामगाराच्या मजुरीवर नाही.

मालक म्हणूनही आम्ही सावध असले पाहिजे. नोकराचा पगार कापून भरा, असा कोर्टाचा हुकूम दुकानावर आला तर तो गल्ल्यात टाकून ठेवू नये. आदेश २१, नियम ४८-अ प्रमाणे हुकूम मोडून पूर्ण पगार दिला तर ती रक्कम मालकाच्या अंगावर येते. नोकराला बोलावून कागद दाखवावा, कपातीचा हिशेब लिहून द्यावा. केवळ कर्जबाजारी झाला म्हणून त्याला कामावरून काढण्यात शहाणपण नाही. पगारच थांबला तर कर्ज फिटणार कशातून?

दावा दाखल होण्यापूर्वीसुद्धा लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. ठरलेली रक्कम भरल्यावर बँकेकडून येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. आणि यापुढे जामीन राहायचे असेल तर एकच कसोटी लावावी: हे कर्ज उद्या आपल्यालाच फेडावे लागले तर झेपेल काय? झेपणार असेल तरच सही करावी.