पेठ रुंद करताना

आता जुन्नरचंच बघा. नाणेघाटातून माल यायचा, तेव्हापासूनचं हे बाजाराचं गाव. शिवनेरीला येणाऱ्यांसाठी नगरपरिषदेला रस्ता मोकळा हवा, पार्किंग हवं. त्यात गैर काही नाही. पण त्याच रस्त्याकडेला कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या मावशींचं काय?

२०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो, आधी सर्वेक्षण, मगच हलवाहलव. तीही ३० दिवसांची नोटीस देऊन. आपल्याकडे बहुतेकदा क्रम उलटा असतो! नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले हवेत, त्यांत एक-तृतीयांश महिला. म्हणजे मावशींनी दारात अर्ज घेऊन उभं राहायचं नाही. जागा ठरते त्या बैठकीत त्यांची खुर्ची आहे. आंबेगावात मंचरची नगरपंचायत झाली, तिथेही हेच लागू.