विश्वकिरणांचें उगमस्थान

प्राणहितेच्या तीरीं वसलेल्या अहेरीस वैशाखांतील अंधाऱ्या रात्रीं अंगणांत बाज टाकून पडलेल्या मनुष्यास आकाश अगदीं निश्चल भासतें. परंतु त्याच शांत आकाशांतून एक अदृश्य वर्षाव अखंड चालू असतो. पसरलेल्या तळहातांतून दर सेकंदास सरासरी एक तरी कण आरपार निघून जातो. घराचीं कौलें त्यास अडवीत नाहींत आणि आलापल्लीच्या अरण्यांतील सागाचा जाड बुंधाहि अडवीत नाहीं. हे कण म्यूऑन होत. अंतराळांतून येणारे मूळ कण वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्या आघातांतून म्यूऑनांची उत्पत्ति होते. या मूळ कणांसच विश्वकिरण म्हणतात. नांव किरणांचें असलें तरी ते प्रकाशासारखे किरण नव्हत. ते द्रव्याचे कण आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचीं अणुकेंद्रें, असतात.

7 ऑगस्ट 1912 रोजीं ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमधून 5 किलोमीटरांहून अधिक उंच गेले. जमिनीपासून दूर गेल्यावर प्रारण कमी व्हावें, अशी सामान्य अपेक्षा होती. तें उलट वाढत गेलें. तेव्हां त्याचा उगम भूमींत नसून आकाशांत आहे, हें उघड झालें. पुढें 1937 सालीं मुंबईंत जन्मलेले होमी भाभा यांनीं हाइट्लर यांच्यासह, वातावरणांत एका शक्तिमान इलेक्ट्रॉनपासून कणांची सरच्या सर कशी कोसळते, याची उपपत्ति मांडली. परंतु आकाशांतून येणाऱ्या कणांस एवढी शक्ति कोण देतो, हा प्रश्न शिल्लक राहिला.

हा प्रश्न अवघड होण्याचें कारण असें कीं, विश्वकिरण विद्युत्-भारित असल्यामुळें आकाशगंगेंतील चुंबकीय क्षेत्रांत त्यांची वाट पदोपदीं वळते. अरण्यांत चकवा लागलेला पांथस्थ अखेर गांवीं पोहोंचला, तरी तो कोणत्या बाजूनें आंत शिरला यावरून त्याचें मूळ गांव सांगतां येत नाहीं. तशीच या कणांची स्थिति आहे. म्हणून शास्त्रज्ञांनीं दिशा सोडून जमाखर्च मांडला. 1934 सालीं बाडे आणि झ्विकी यांनीं, विश्वकिरणांचा उगम अतिनवताऱ्यांत, म्हणजे ताऱ्याच्या प्रचंड स्फोटांत असावा, असें सुचविलें. आकाशगंगेंत शंभर वर्षांत सरासरी दोन-तीन असे स्फोट होतात. त्यांत उधळलेल्या द्रव्याच्या गतिज ऊर्जेचा सुमारें दहावा हिस्सा कणांस मिळाला, तरी सारा खर्च भागतो.

आतां ही ऊर्जा कणांस मिळते कशी, तें पाहूं. फुटलेल्या ताऱ्याचें द्रव्य सेकंदास हजारों किलोमीटर वेगानें बाहेर धांवतें. प्राणहितेस अकस्मात् पूर आला म्हणजे लोंढ्याचें तोंड पुढच्या संथ पाण्यास सावध होण्यास अवसर देत नाहीं. त्याप्रमाणें या द्रव्याच्या पुढें जो आघात-तरंग चालतो, त्याची वर्दी पुढील विरळ वायूस आधीं पोहोंचत नाहीं. तो वायु एकाएकीं दाबला जातो, तापतो आणि ओढला जातो.

समजा, दोन फळ्या एकमेकींकडे सरकत आहेत आणि त्यांच्यामध्यें एक चेंडू उसळत आहे. प्रत्येक टोल्यासरशीं त्याचा वेग वाढेल. आघात-तरंगाच्या दोहों बाजूंच्या वायूंतील वेडींवांकडीं चुंबकीय क्षेत्रें या फळ्यांचें काम करितात. कण कोणत्याहि बाजूस असो, पलीकडचा वायु त्यास आपल्याकडेच येतांना दिसतो. म्हणून प्रत्येक ये-जा करतांना त्याची ऊर्जा वाढते. एन्रिको फर्मी यांनीं 1949 सालीं फिरत्या चुंबकीय मेघांवरून कण उसळण्याची कल्पना मांडली होती. परंतु मेघ कधीं समोरून येतात, कधीं दूर पळतात. त्यामुळें ती वाढ फार मंद ठरते. आघात-तरंगापाशीं मात्र प्रत्येक टोला समोरूनच बसतो, हें 1977 व 1978 या सालीं क्रिम्स्की, बेल, ब्लँडफर्ड व ऑस्ट्रायकर, तसेंच ॲक्सफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें.

तरंगाचा वेग सेकंदास 5,000 किलोमीटर धरला, तर एका फेरींत ऊर्जा सुमारें एकसाठांश वाढते. हें चक्रवाढ व्याज होय. 42 फेऱ्यांत मुद्दल दुप्पट होतें. मात्र प्रत्येक फेरींत साठांपैकीं सुमारें एक कण मागें वाहून जातो आणि खेळांतून बाद होतो. म्हणून ऊर्जा दुप्पट होईपर्यंत निम्मे कण गळतात. फार शक्तिमान कण इतके विरळ कां, याचें मर्म येथेंच आहे.

या उपपत्तीस साक्षीहि मिळाल्या. इ. स. 1006 मध्यें दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषाच्या कडेवरून येणारे क्ष-किरण अतिवेगवान् इलेक्ट्रॉनांचे आहेत, असें 1995 सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें. प्रोटॉनांची साक्ष 2013 सालीं फर्मी उपग्रहानें दिली. वेगवान् प्रोटॉन वायूवर आदळून पायॉन निर्माण होतात आणि त्यांच्या नाशांतून विशिष्ट गॅमा-किरण निघतात. दोन अवशेषांतून ते ओळखतां आले. गॅमा-किरण विद्युत्-भारित नसल्यानें सरळ येतात आणि आपला पत्ता बरोबर आणतात.

तरीहि वाद संपलेला नाहीं. सुमारें 3,000 लक्ष कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपाशीं विश्वकिरणांची संख्या अधिक झपाट्यानें घटूं लागते. तेथपर्यंतची मजल सामान्य अतिनवतारा मारूं शकतो काय, याविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. उटी येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-3 या प्रयोगानें 2024 सालीं, सुमारें 166 लक्ष कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांपाशीं प्रोटॉनांच्या घटीचें प्रमाण बदलतें, असें दाखविलें. जी रेषा सरळ मानली जात होती, तिलाच येथें वांक निघाला. तेव्हां एकाच प्रकारच्या उगमावर भिस्त ठेवणें पुरेसें आहे कीं नाहीं, याचा नव्यानें विचार करणें प्राप्त झालें आहे.

दूरच्या ताऱ्यांचें हें मरण अहेरीस परकें नाहीं. विश्वकिरणांच्या आघातांतून सुटलेले न्यूट्रॉन हवेंतील नायट्रोजनवर आदळून कार्बन-14 घडवितात. पर्जन्यकाळीं सागास पालवी फुटते, तेव्हां हवेंतील अन्नाबरोबर तो कार्बनहि लांकडांत शिरतो आणि 5,730 वर्षांनीं त्यांतील निम्मा उरतो. त्यावरूनच प्राचीन लांकडाचें वय ठरवितां येतें. म्हणजे लाखों वर्षांपूर्वीं विझलेल्या ताऱ्यांच्या स्फोटांची नोंद, कोणी वाचो वा न वाचो, आलापल्लीच्या सागाच्या प्रत्येक वर्तुळांत होत असते.