मेकॅनिकल कीबोर्डचा खडखडाट कमी कसा करायचा? नवा घेण्याआधी हे करून बघा

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज कानाला गोड वाटतो. तोच कीबोर्ड घरी आला आणि रात्री साडेअकराला वन बीएचकेमध्ये कुणी कामाला बसलं, की शेजारी झोपलेल्या माणसासाठी तो खडखडाट होतो. नाइट शिफ्ट असो, परदेशी क्लायंटचं काम असो की गेमिंग, झोप घरच्यांची मोडते.

मग एक तर घरच्यांनी सहन करायचं, नाहीतर कीबोर्ड विकायचा, असे दोनच पर्याय दिसतात. पण कीबोर्डचा आवाज हा एकच आवाज नसतो. त्यात चार-पाच आवाज मिसळलेले असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. नेमका कोणता आवाज त्रास देतोय हे कळलं, तर बऱ्याचदा काम फुकटात होतं.

हा कीबोर्ड इतका वाजतो का?

साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली मऊ रबर असतं. ते धक्का झेलतं, म्हणून आवाज कमी येतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात प्लॅस्टिकचा दांडा, स्प्रिंग आणि धातूची पातळ पट्टी असते. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटतं आणि आवाज होतो.

जर्मनीच्या चेरी कंपनीचे 'एमएक्स' स्विच 1980 च्या दशकात आले आणि रंगांवरून स्विच ओळखायची पद्धत रुळली. ब्लू म्हणजे मुद्दाम 'टिक' वाजणारा, ब्राउन म्हणजे बोटाला हलका अडथळा जाणवणारा आणि रेड म्हणजे सरळ खाली जाणारा. इतर कंपन्याही साधारण हेच रंग वापरतात, पण नेहमीच नाही. त्यामुळे घेताना वर्णन वाचलेलं बरं.

आधी आवाज ओळखा

एकेक बटण अगदी सावकाश दाबून बघा.

- अर्ध्या वाटेतच 'टिक' वाजलं : स्विच क्लिकी आहे. हा आवाज त्याच्या रचनेतच आहे.
- बटण तळाला टेकताना 'टक' आणि सोडल्यावर पुन्हा 'टक' : दांडा आधी खाली आणि मग वर आपटतोय.
- फक्त स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस खुळखुळतात : लांब बटणांना तोलून धरणारी तार, म्हणजे स्टॅबिलायझर, सैल वाजतोय.
- बारीक 'टिंग' असा आवाज घुमतो : तो स्प्रिंगचा आहे.
- सगळं मिळून ढोलासारखं घुमतं : कीबोर्ड आतून पोकळ आहे किंवा टेबल वाजतंय.

खर्च नसलेले उपाय

कीबोर्डखाली जाड टॉवेलची घडी ठेवून टाइप करा. आवाज बराच उतरला, तर निम्मा दोष टेबलाचा होता. मग टॉवेलच्या जागी जाड डेस्क मॅट घेतली की झालं. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर दोन बोटं पुढे ओढा. टेबलाची थरथर भिंतीतून पलीकडच्या खोलीत पोहोचते.

दुसरी गोष्ट बोटांची. नेहमीच्या स्विचमध्ये बटण साधारण 4 मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर 2 मिलिमीटरच्या आसपासच उमटतं. पुढचा जोर नुसता आवाज करतो. टाइपरायटरवर शिकलेल्यांची बोटं हमखास जोरात पडतात, कारण तिथे खिळा कागदावर आपटावाच लागायचा. इथे ती गरज नाही. ही सवय मोडायला वेळ लागतो, पण पैसे लागत नाहीत.

थोडा खर्च करायचा असेल तर

- ओ-रिंग : कीकॅपच्या आत बसणारी रबरी कडी. खाली आपटण्याचा आवाज कमी होतो. वर येतानाचा 'टक' आणि ब्लू स्विचची 'टिक' मात्र तशीच राहते.
- स्टॅबिलायझरला ग्रीस : तारेच्या टोकांना किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की खुळखुळ थांबते.
- सायलेंट स्विच : यांच्या दांड्याला खाली-वर दोन्हीकडे मऊ रबर असतं, त्यामुळे दोन्ही 'टक' दबतात. दाबताना थोडं मऊ लागतं, काहींना ते आवडत नाही.

स्विच बदलण्याआधी कीबोर्ड 'हॉट-स्वॅप' आहे का ते बघा. असेल तर जुना स्विच चिमट्याने सरळ वर ओढून नवा बसवता येतो. नसेल तर प्रत्येक स्विचचं सोल्डरिंग काढावं लागतं. 3 पिनांच्या कीबोर्डमध्ये 5 पिनांचा स्विच तसाच बसत नाही आणि ऑप्टिकल कीबोर्डमध्ये साधे मेकॅनिकल स्विच चालत नाहीत. काम करताना केबल काढून ठेवा.

आणि हो, शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल स्विचमध्ये सोडू नका. पातळ तेल आतल्या पट्टीपर्यंत पोहोचलं, तर बटण नीट चालेनासं होऊ शकतं.

मीटिंगमध्ये काय?

लॅपटॉपचा माइक आणि कीबोर्ड एकाच टेबलावर असतात, म्हणून समोरच्याला टकटक जास्त ऐकू जाते. तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट वापरा, झूम किंवा टीम्समधलं नॉइज सप्रेशन सुरू ठेवा आणि बोलत नसाल तेव्हा म्यूट करा.

म्यूटचं आणखी एक कारण आहे. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लॅपटॉपवरच्या टायपिंगच्या आवाजावरून कोणतं बटण दाबलं हे एआयकडून ओळखून घेतलं. जवळ ठेवलेल्या फोनच्या रेकॉर्डिंगवरून 95 टक्के आणि झूमच्या रेकॉर्डिंगवरून 93 टक्के बटणं बरोबर निघाली. त्यामुळे कॉल सुरू असताना पासवर्ड टाकायचा असेल, तर आधी म्यूट.

मग बदलायचा कधी?

ब्लू स्विच असेल, कीबोर्ड हॉट-स्वॅप नसेल आणि त्याच खोलीत कुणी झोपत असेल, तर मॅट आणि ओ-रिंगने प्रश्न पूर्ण सुटणार नाही. तो कीबोर्ड दिवसा वापरा आणि रात्रीसाठी साधा रबरवाला ठेवा. नवाच घ्यायचा असेल तर 'सायलेंट' आणि 'हॉट-स्वॅप' हे दोन शब्द बघून घ्या. सायलेंट म्हणजे अगदी शून्य आवाज नव्हे. म्हणून शक्य असेल तर दुकानात जाऊन स्पेसबार दाबून बघा. सगळ्यात जास्त तोच वाजतो.