एआयच्या खोट्या रिपोर्ट्समुळे 'कर्ल'ने बक्षीस देणं का थांबवलं?

'कर्ल' हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण ते तुमच्या फोनमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याचं काम करणारं हे सॉफ्टवेअर मोबाइल, टीव्ही, गाड्या अशा असंख्य ठिकाणी वापरलं जातं.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये ते या नावाने आणलं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही पाहू शकतं आणि फुकट वापरू शकतं. त्यासाठी हातभार लावणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत.

बक्षीस कशासाठी होतं?

कोडमध्ये हॅकरला शिरता येईल अशी फट सापडली आणि ती कळवली, तर २०१९ पासून पैसे मिळायचे. मग एआय चॅटबॉट आले. कोड न वाचताच 'यात त्रुटी शोध' असं चॅटबॉटला सांगायचं आणि येईल ते उत्तर पाठवून द्यायचं, असे प्रकार वाढले.

असे रिपोर्ट दिसायला अगदी पक्के असतात. भाषा सफाईदार, मुद्दे नीट मांडलेले. पण त्यातली त्रुटी अनेकदा अस्तित्वातच नसते. कधीकधी तर कोडमध्ये नसलेल्या फंक्शनचा हवाला दिलेला असतो.

मग दुर्लक्ष का करत नाहीत?

कारण एखादा रिपोर्ट खरा निघू शकतो आणि तो सुटला तर धोका कोट्यवधी लोकांना. त्यामुळे प्रत्येक रिपोर्ट तपासावा लागतो. लिहायला एक मिनिट लागतं, तपासायला तीन-चार जणांचे तास जातात.

२०२५ च्या मध्यावर स्टेनबर्ग यांनी सांगितलं, की त्या वर्षी आलेल्या रिपोर्ट्सपैकी सुमारे २० टक्के एआयचा कचरा होता. खऱ्या त्रुटी निघाल्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. अखेर जानेवारी २०२६ च्या शेवटी बक्षीस योजना बंद झाली.

म्हणजे एआय वाईटच?

तसं नाही. २०२५ मध्येच एका संशोधकाने एआय साधनं वापरून कर्लमधल्या बऱ्याच खऱ्या चुका दाखवल्या आणि त्या दुरुस्तही झाल्या. फरक इतकाच, की जाणकार माणसाने उत्तरं आधी तपासली, मग पाठवली.

ते तपासणं टाळलं, की त्याचा भार फुकट काम करणाऱ्यांवर पडतो. ते थकून बाजूला झाले, तर तुमच्या फोनमधली खरी फट बुजवणार कोण?