मुठीवरून हत्याराची ओळख

केज तालुक्यातील नांदूरघाट काय किंवा मराठवाड्यातील अन्य कोणतेही जुने गाव काय, खंडेनवमीच्या पूजेसाठी पाटावर मांडलेल्या वडिलोपार्जित शस्त्रांत जे आखूड हत्यार दिसेल, त्यास सरसकट कट्यार म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः ज्या मुलखाने १७९५ साली खर्ड्याच्या रणभूमीवर मराठे आणि निजाम यांच्या फौजा समोरासमोर पाहिल्या, तेथे हत्यारांचे घाट एकाहून अधिक असणे स्वाभाविकच होय.

हत्यार ओळखताना दृष्टी प्रथम मुठीवर ठेवावी. कारण पाते झिजते, मोडते, बदलले जाते, आणि युरोपातून आलेली पाती देशी मुठींत बसवून फिरंग नावाच्या तलवारी सिद्ध होत, हे सर्वश्रुतच आहे.

कट्यारीची मूठ म्हणजे दोन समांतर दांड्या व त्यांस जोडणारे आडवे गज; हे गज मुठीत धरले की पाते मनगटाच्या सरळ रेषेत येते आणि भोसकण्यास सबंध बाहूचे बळ मिळते. दक्षिणेत हिलाच पंजाच्या पाठीवर शिडाप्रमाणे फुगलेले धातूचे आवरण जोडीत; तंजावरच्या शस्त्रागारातील असे नमुने चेन्नईच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. बिचव्याची मूठ बहुधा कडीसारखी असून पाते दुहेरी बाकाचे असते. मोगली खंजिराची मूठ पिस्तुलाच्या दस्त्याप्रमाणे वळलेली, पुष्कळदा यशबाची वा स्फटिकाची, क्वचित अश्वमुखाचा आकार दिलेली. तर पेशकब्जाची बहुधा सरळ, दोन्ही अंगांस हस्तिदंताचे वा हाडाचे तुकडे जडविलेली असून, त्याच्या पात्याची पाठ जाड राखण्याचे प्रयोजन चिलखताच्या कड्यांत टोक घुसविणे हे होते.

दूरच्या बाली बेटावरही क्रिस नामक खंजिराच्या मुठीवर देवतांच्या व राक्षसांच्या आकृती कोरतात आणि त्या आकृतींवरून मुठींचे प्रकार ओळखतात.

म्हणूनच पूजेच्या निमित्ताने चिंच, लिंबू वा पॉलिश पेपर घेऊन मूठ लखलखीत करण्याचा उत्साह आवरावा, कारण लोखंडावरील कोफ्तगिरीचे सोन्याचे बारीक काम तेवढ्याने कायमचे निघून जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसून पात्यास तेलाचा पातळ हात द्यावा. मग मुठीचे दोन्ही अंगांनी छायाचित्र काढून, तिची लांबी, धातू, घराण्यात सांगितले जाणारे नाव आणि हत्यार कोणाकडून आले तो तपशील वहीत टिपून ठेवावा. वडीलधाऱ्यांच्या तोंडची ही माहिती त्यांच्या हयातीतच दप्तरी दाखल करणे, हे वारसाचे पहिले कर्तव्य आहे.