माहिती एकीकडे, मांडणी दुसरीकडे

शाळेतले जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक त्यात एकदाच लिहिलेला असतो. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाइड हे छापील नमुने वेगळे. लिपिक रजिस्टर पाहून त्यांतल्या मोकळ्या जागा भरतो. संकेतस्थळामागची 'आशय व्यवस्थापन प्रणाली' हेच काम करते. रजिस्टर म्हणजे विदागार किंवा डेटाबेस, छापील नमुना म्हणजे साचा आणि लिपिकाच्या जागी आज्ञावली.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आज या दोन्ही जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच व्यवस्थेवर उभी आहेत. म्हणूनच त्यांचे रूप सारखे दिसते. माहिती मात्र ज्याची त्याची.

२००३ साली आलेली वर्डप्रेस ही अशीच एक प्रणाली. शीर्षक, मजकूर, दिनांक हे रकाने तिच्यात तयारच असतात. पण समजा, परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांचा रोजचा पाऊस दाखवायचा आहे. त्यासाठी आपला वेगळा तक्ता हवा: तालुका, दिनांक, पाऊस मिलिमीटरमध्ये. साच्यात सूचना लिहायची, 'आजच्या ओळी आणा. प्रत्येक ओळीसाठी ही पट्टी पुन्हा छापा. येथे तालुका, येथे आकडा.' नऊ ओळी, नऊ पट्ट्या. उद्या आकडे बदलले तरी साच्याला हात लावावा लागत नाही.

खरी गोम पुढे आहे. समजा, जिंतूरला पाऊस मोजला आणि तो ० भरला. पालमची नोंद आलीच नाही. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिली आहे, तिच्यात 'हे रिकामे आहे का?' असे विचारण्याची एक सोपी सोय आहे. ती ० हा आकडा, कोरी जागा आणि मूल्यच नसणे या तिन्हींना 'होय' म्हणते! मग जिंतूरपुढेही 'नोंद नाही' असे छापले जाते. उलट, सरसकट सगळ्यांचे संख्येत रूपांतर केले, तर पालमला न मोजताच ० मिळतो. पावसात किती दिवसांचा खंड पडला हे ठरवताना कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस एकच मानून कसे चालेल? शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. म्हणून साच्यात दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: नोंद आहे का? असल्यास किती?

आणखी एक गंमत. वर्डप्रेसच्या जादा रकान्यांत आकडेही अक्षरांसारखे साठवले जातात. तसे सांगितले नाही, तर चढत्या क्रमात १०० आधी आणि ९ नंतर येतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

वर्गात हे संगणकाविना करून पाहता येईल. एका गटाकडे नऊ ओळींचा तक्ता द्यावा. त्यात एक ० आणि एक कोरी जागा मुद्दाम ठेवावी. दुसऱ्या गटाने फक्त लेखी सूचना द्याव्यात. तिसऱ्याने स्वतःची अक्कल न वापरता त्या तंतोतंत पाळून फलक भरावा. कोरी जागा येताच तिसरा गट कुठे अडतो ते पाहावे आणि सूचना पुन्हा लिहून घ्याव्यात.